पांढरा चहा वेगळ्या झाडाचा असतो का? आणि त्यात कॅफीन नसतं हे खरं का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही'. दुसऱ्याचं तर मी स्वतः भोगलंय. 'हलका असतो' हे ऐकून रात्री नऊला दोन कप प्यायलो आणि दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडलो. कोवळ्या कळीत कॅफीन उलट भरपूर असतं. कपात किती उतरतं ते पाणी किती गरम आणि पान किती वेळ भिजलं यावर ठरतं.

झाड तेच, कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो खुडल्यानंतर. ग्रीन टीचं पान लवकरच कढईत परततात किंवा वाफवतात, म्हणजे ते काळं पडायचं थांबतं. काळ्या चहाचं पान चुरगळून मुद्दाम काळं पडू देतात. पांढऱ्या चहाचं पान चाळणीवर पातळ पसरून दीड-दोन दिवस, कधी तीन दिवस कोमेजू देतात आणि मग मंद आचेवर वाळवतात. बस, एवढंच. कोमेजताना थोडं ऑक्सिडेशन (म्हणजे हवेमुळे पान काळं पडणं) आपसूक होतं, त्यामुळे ग्रीन टीचा गवताळ उग्रपणा जाऊन चव गोडसर होते. ऐकायला सोपं वाटतं, पण हवा दमट असेल तर पान काळवंडतं आणि फार उष्ण असेल तर हिरवंच वाळून जातं.

नाव पडलंय कळीवरच्या पांढऱ्या लवेवरून. ही लव पेल्यात तरंगते. पहिल्यांदा मी धूळ समजून अख्खा पेला ओतून दिला होता!

मूळ गाव चीनच्या फुजियान प्रांतातलं, मुख्यतः फुडिंग आणि झेंगहे. नुसत्या कळ्यांचा तो सिल्व्हर नीडल, महाग. कळीसोबत एक-दोन पानं असलेला बाइ मुदान. नवखे असाल तर बाइ मुदानच घ्या. स्वस्त पडतो आणि माझ्या मते चवही जास्त भरीव. 'आन्जी बाइ चा' नावाचा चहा मात्र नावापुरता पांढरा ('बाइ' म्हणजे पांढरा). त्याची कोवळी पानं फिकट असतात एवढंच. बनवतात ग्रीन टीसारखा.

पाणी ८० अंशांच्या आसपास ठेवा, चार-पाच मिनिटं थांबा, दूध घालू नका. पानं लगेच फेकू नका, त्यावरच पुन्हा पाणी ओता. मला तर दुसरा कप पहिल्याहून जास्त आवडतो.