आधी आरोप वाच, मग शिक्षा

चिरंजीव,
सप्रेम सलाम.

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय वाचून तू लिहिलेस, ‘हा देव दिसेल ते शहर जाळत सुटतो.’ म्हणजे ‘अग्नी पाठवीन’ तेवढे वाचलेस आणि त्याच्या वरची ओळ सोडलीस. आधी आरोप वाच, मग शिक्षा.

वहीत तीन रकाने पाड: कोणी, काय केले, कोणाला. १:३ ते २:१६ (अध्याय:वचन) मध्ये आठ नावे मिळतील: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, यहूदा, इस्राएल. शेवटची दोन देवाच्या स्वतःच्या लोकांची राज्ये. ‘तीन अपराध, नव्हे चार’ वाचून प्रत्येकाचे चार मोजत बसू नकोस, ती बोलण्याची रीत आहे. दिमिष्काने गिलादाला, म्हणजे इस्राएलच्या यार्देनेपलीकडच्या प्रदेशाला, लोखंडी अवजारांनी मळले, खळ्यावर धान्य मळावे तसे. गज्जाने वस्त्याच्या वस्त्या धरून अदोमच्या हवाली केल्या. अम्मोनने हद्द वाढवायला गरोदर बाया चिरल्या.

मवाबापाशी मात्र थांब. त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळून चुना केला. आता तिसरा रकाना भर. बळी अदोमचा, इस्राएलचा नव्हे. आणि अदोम तर नुकताच, १:११ मध्ये, स्वतः आरोपी होता. ‘देव फक्त आपल्या माणसांसाठी सूड घेतो’ हे तुझे वाक्य इथे टिकत नाही. या सहा परक्या राष्ट्रांवर मूर्तिपूजेचा आरोपच नाही. माणसाने माणसाशी जे करू नये, त्याचा आहे.

नियमशास्त्र, म्हणजे देवाने इस्राएलाला दिलेले कायदे, निघते ते यहूदापाशी, दोन वचनांत. इस्राएलसाठी अकरा वचने! गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकले, गहाणाची वस्त्रे वेदीजवळ अंथरून त्यांवर लवंडले. निर्गम या पुस्तकातले २२:२६ शेजारी उघडे ठेव: गहाण घेतलेले वस्त्र सूर्यास्ताआधी परत द्यायचे असते. हे ठाऊक नसेल तर तो आरोप नुसती बेशिस्त वाटतो. अग्नी पहिल्या सातांना आहे, इस्राएलला नाही. त्याला पेंढ्यांनी लादलेल्या गाडीखाली दडपल्यासारखे दडपले जाते. पुढे इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूर साम्राज्याने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली. मग ३:२ वाच, देव इस्राएलला म्हणतो: तुम्हांलाच मी ओळखले, *म्हणून* झडती तुमची. तो ‘म्हणून’ गिळू नकोस.

एकाच गोष्टीचा धोशा लावतो म्हणून तुम्ही मुले मला हसता. लावतो, आणि लावत राहणार. शिक्षेपासून सुरुवात करणारा वाचक देवाला शेजाऱ्याच्या अंगावर सोडायला शिकतो. कुठे भूकंप झाला की फोनवर वचने फिरवणारे हेच. त्यांना विचार, आरोप कुठला, कोणी कोणावर काय केले? संदेष्टे हे आधी सांगत. शिवाय यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक १८:७-८ मध्ये म्हणते, राष्ट्र वळले तर ठरवलेले अरिष्टही टळते. योना संदेष्ट्याने निनवे नगराला चाळीस दिवसांत नाश सांगितला होता, ते वळले आणि नगर वाचले.

निरपराध लेकरांचे काय, हा तुझा प्रश्न उरतो. या दोन अध्यायांत त्याचे उत्तर नाही, आणि ओढूनताणून मी ते देणार नाही. सातवा अध्याय वाच. टोळधाड आणि अग्नी पाहून आमोस दोनदा विनवतो, याकोब, म्हणजे इस्राएल, लहान आहे, कसा टिकेल? दोन्ही वेळा देव थांबतो. तिसऱ्यांदा देवाच्या हातात ओळंबा दिसतो, आणि आमोस विनवत नाही. का, ते रकाने भरून झाल्यावर लिही.