पदवीला गुण कमी असतील तर एमबीएचा अर्ज भक्कम कसा करावा?
पदवीचे गुण कमी असले, तरी त्यानंतरच्या काळातला, कठीण अभ्यास झेपतो हे दाखवणारा ताजा पुरावा जोडून अर्ज भक्कम करता येतो. प्रवेश समितीला जुन्या गुणपत्रिकेवरून मुख्यतः एकच शंका येते, ती म्हणजे पहिल्याच सत्रातले संख्याशास्त्र आणि लेखांकन या उमेदवाराला पेलेल का. या शंकेला सर्वांत थेट उत्तर जीमॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा देते. सध्या तिचे गुण २०५ ते ८०५ या श्रेणीत मिळतात, ५ वर्षे ग्राह्य राहतात, आणि तुमच्या बाबतीत गणिताच्या विभागातले गुण अधिक बारकाईने पाहिले जातील. जोडीला संख्याशास्त्र किंवा लेखांकन यांपैकी एखाद्याचा, परीक्षा घेऊन श्रेणी देणारा अभ्यासक्रम पूर्ण करावा. नुसत्या हजेरीच्या प्रमाणपत्राला फारसे वजन नसते. अर्जासोबतच्या ऐच्छिक निबंधात 'तिसऱ्या सत्रात आजारपणामुळे दोन विषय राहिले, ते पुढच्या सत्रात सोडवले' इतके सांगणे पुरे. पानभर स्पष्टीकरण दिल्यास उलट संशय वाढतो. मात्र ज्या संस्थेच्या नियमांतच किमान गुणांची अट आहे, तिथे यातले काहीही कामी येत नाही, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी ती अट वाचून घ्यावी.