बारा इंच सांगतात, दोन इंच पडतो: मग अंदाजावर विसंबायचं की नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन तीन महिने झाले, परवा आठ ते बारा इंच बर्फ पडणार म्हणून ऑफिस बंद, शाळा बंद, दुकानात दूध आणि पाव संपलेला, आणि सकाळी उठून बघतो तर अंगणात जेमतेम दोन इंच. हे लोक अंदाज सांगतात की पंचांग बघून मृगाचं वाहन बेडूक आहे की म्हैस तेवढं सांगतात?

मी हवामानशास्त्रज्ञ नाही, हे आधी सांगतो. न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गावर आठ-ए एक्झिटजवळ गोदामांची रांगच्या रांग आहे, त्यातल्या एका गोदामात मी ट्रकचं वेळापत्रक लावतो. उद्या पहाटे गाड्या सोडायच्या की नाहीत हे हिवाळ्यात मला आदल्या संध्याकाळी ठरवावं लागतं. असे अठरा हिवाळे काढलेत. अंदाज चुकला की शिव्या आधी मला बसतात, हवामान खात्याला नंतर.

तुमच्यासारखाच चडफडाट मी २०१५च्या जानेवारीत केला होता. २६ तारखेचा सोमवार. न्यूयॉर्क शहरासाठी अंदाज होता २० ते ३० इंचांचा. आमच्या न्यू जर्सीत आणीबाणी जाहीर झाली, रस्त्यांवर गाड्या आणायला बंदी आली. तिकडे न्यूयॉर्कची सबवे रात्री ११ वाजता बंद केली. बर्फ पडणार म्हणून ती बंद ठेवण्याची तिच्या ११० वर्षांतली ती पहिलीच वेळ. मी मंगळवारच्या सगळ्या फेऱ्या रद्द केल्या. मंगळवारी सकाळी खिडकीतून बघितलं, तर रस्त्याच्या कडेचं गवतसुद्धा धड झाकलं गेलं नव्हतं. साहेबांचा फोन आला तेव्हा काय बोलावं सुचेना. सेंट्रल पार्कमध्ये ९.८ इंच भरला. फिलाडेल्फियात तर एखाद इंच.

त्या रात्री आपल्या भागाचा अंदाज सांगणाऱ्या माउंट हॉली इथल्या हवामान कार्यालयाचे प्रमुख गॅरी झाटकोव्स्की यांनी ट्विटरवर लोकांची सरळ माफी मागितली होती. सरकारी अधिकारी असं करताना मी तरी त्याआधी पाहिला नव्हता.

पण आता दुसरी बाजू बघा. त्याच वादळानं लाँग आयलंडवर आयस्लिपला सुमारे २५ इंच बर्फ टाकला आणि बॉस्टनला २४.६. म्हणजे वादळ आलं, सांगितलेल्या दिवशी आलं, सांगितलं तेवढंच जोरदार आलं. चुकली ती फक्त त्याची पश्चिमेची कड. मॅनहॅटन आणि आयस्लिपमध्ये पन्नासएक मैलांचं अंतर आहे, आणि तेवढ्यात दहा इंचांचे पंचवीस इंच झाले.

तुम्ही पुण्याकडचे असाल तर हे लगेच कळेल. लोणावळ्यात ढगफुटी झाल्यासारखा कोसळत असतो आणि तळेगाव ओलांडून पुढे आलं की वायपर बंद करावे लागतात. मुंबईहून येणारा कुणीही डोळे मिटून सांगू शकतो की पाऊस कुठे थांबेल, कारण सह्याद्री जागचा हलत नाही. इथे मात्र ती कड प्रत्येक वादळाबरोबर नव्यानं आखली जाते, तीही समुद्रात कुठेतरी. किनाऱ्याला समांतर वर सरकणारी ही वादळं, ज्यांना इथे नॉरईस्टर म्हणतात, जराशी आत सरकली की आपल्याकडे बर्फाऐवजी पाऊस, जराशी बाहेर गेली की काहीच नाही. आणि बरोबर मधल्या पट्ट्यात फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि आपलं एडिसन.

पाच दिवस आधी, हजार मैलांवर असलेल्या वादळाची वाट पन्नास मैलांच्या फरकानं सांगणं ही खरं तर कमाल आहे. पण त्या पन्नास मैलांत दोन कोटी लोक राहत असले की कमाल कुणाला दिसत नाही.

दुसरी गंमत मोजमापाची. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो असा ढोबळ हिशेब आहे. पण ओला, जड बर्फ असेल तर त्याच पाण्याचे पाच-सहा इंचच होतात, आणि कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत असेल तर पंधरा-वीस. पावसाच्या अंदाजात पाव इंचाची चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. छत्री घेतली होती, भिजलो नाही, संपलं. बर्फात त्याच पाव इंचाची कधी दीड इंचाची चूक होते, कधी पाच. म्हणजे पावसात जी चूक आपण माफ करतो, तीच बर्फात सगळ्यांच्या अंगणात पट्टीनं मोजता येते.

मग २०१५ साली हवामान खात्यानं एवढा मोठा आकडा का पकडून ठेवला? त्याला कारण आहे. वेगवेगळ्या देशांची केंद्रं वातावरणाची आपापली गणिती मॉडेलं चालवतात. त्यातलं युरोपीय केंद्राचं मॉडेल सर्वांत चांगलं मानतात, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये सँडी वादळ समुद्रातून डावीकडे वळून न्यू जर्सीवर येणार हे त्यानंच इतरांच्या आधी ओळखलं होतं. सँडीनं आमच्याकडे जे केलं ते पाहिलेला माणूस पुढची काही वर्षं त्या मॉडेलचं बोलणं टाळूच शकला नसता. २०१५ला युरोपीय मॉडेल न्यूयॉर्कवर भरपूर बर्फ दाखवत होतं; अमेरिकेचं मॉडेल, जे दोनच आठवड्यांपूर्वी सुधारून सुरू केलं होतं, ते कमी दाखवत होतं. भरवसा ठेवला थोरल्यावर, बरोबर निघालं धाकटं. यावरून कुणी ‘आता अमेरिकन मॉडेलच बघायचं’ असा नियम करेल, तर पुढच्या वादळाला फसेल.

एकच वर्षानं, २३ जानेवारी २०१६ला, नेमकं उलटं झालं. वॉशिंग्टनला काय होणार ते कितीतरी दिवस आधी बरोबर सांगितलं होतं, पण न्यूयॉर्क त्या वादळाच्या उत्तरेच्या कडेवर होतं. दोन दिवस आधीचा आकडा बेताचाच होता. कड वर सरकली आणि सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच पडला, तिथल्या नोंदींतला विक्रम.

माझ्या मनात मात्र २०१५ही राहिलेलं नाही आणि २०१६ही. जातच नाही तो १५ नोव्हेंबर २०१८चा गुरुवार. अंदाज होता थोडासा बर्फ आणि मग पाऊस. मी बिनधास्त सगळ्या गाड्या सोडल्या. पण खालची थंड हवा सांगितल्यापेक्षा जास्त वेळ टिकून राहिली, आणि पाऊस न होता बर्फच पडत राहिला. दुपारी, ऑफिसं सुटायच्या वेळेला, झाडांवर अजून पानं असताना. ओल्या बर्फानं फांद्या तुटून रस्त्यांवर आल्या, जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर गाड्यांवर गाड्या आदळल्या, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक त्याच कोंडीत अडकले. सेंट्रल पार्कमध्ये अवघा ६.४ इंच. न्यू जर्सीत काही मुलं रात्रभर शाळेत राहिली. माझा एक ड्रायव्हर चाळीस मिनिटांच्या रस्त्याला नऊ तास लागून रात्री अकराला परत आला. काही बोलला नाही, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला.

साडेसहा इंचांनी जे केलं ते तीस इंचांच्या इशाऱ्यानं केलं नाही, कारण इशारा मिळाला की लोक घरी बसतात. म्हणून तुमच्या दोन इंचांबद्दल मला तुमच्याइतका राग येत नाही.

थंड हवेचा थर हा प्रकार जरा समजून घ्या, कारण इथल्या हिवाळ्यात खरा घातकी तोच. ढगातून बर्फच निघतो. वाटेत हवेचा एक थर शून्याच्या किंचित वर असला की तो वितळतो. खाली परत जाडसा थंड थर मिळाला तर थेंब गोठून साबुदाण्यासारखे दाणे होतात, त्याला स्लीट म्हणतात. काचेवर टपटप वाजतात, पण त्यावरून चालता येतं. तोच खालचा थर पातळ असला तर थेंबांना गोठायला वेळच मिळत नाही. ते पाणी म्हणूनच खाली येतात आणि रस्त्याला, तारांना, फांद्यांना लागताक्षणी गोठतात. हा फ्रीझिंग रेन. पाव इंचाचा काचेसारखा थर मला एक फूट बर्फापेक्षा जास्त घाबरवतो; बर्फ प्लाऊनं, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं, बाजूला होतो, हा होत नाही. आणि या तिन्हींतला फरक वरच्या हवेतल्या एखाद-दोन अंशांचा असतो. ती हवा मोजायला खात्याची फुग्यांना बांधलेली यंत्रं देशभरातून सहसा दिवसातून दोनदा वर जातात, तीही दोनशेएक मैलांच्या अंतरानं. एका अंशावर शाळा उघडी की बंद ठरत असेल, तर मधल्या जागेत बराचसा अंदाजच उरतो.

याउलट, अंदाज अगदी अचूक येऊनही काय होतं ते न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोनं २०२२च्या ख्रिसमसला दाखवलं. तिथल्या हवामान कार्यालयानं कितीतरी दिवस आधी सांगितलं होतं की असं वादळ पिढीतून एकदाच येतं. वारा, थंडी, दिवस, सगळं तंतोतंत. विमानतळावर ५१.९ इंच बर्फ पडला, सलग दीड दिवस समोरचं दिसत नव्हतं, आणि त्या एका काउंटीत ४०हून जास्त माणसं गेली. गाड्या चालवायला बंदी शुक्रवारी सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर लोक कामावर पोचले होते. त्यांच्यातल्या कित्येकांना माझ्यासारख्याच कुणीतरी ‘ये’ म्हणून सांगितलं असणार. हे मी विसरू शकत नाही.

तर विसंबायचं का? हो, पण आकड्यावर नाही. पाच दिवस आधी ‘वीकेंडला काहीतरी येतंय’ एवढंच ऐका, ते बहुधा खरं निघतं. १९९३च्या मार्चमधलं मोठं वादळ असंच पाचएक दिवस आधी ओळखलं होतं आणि तेव्हा ती नवलाई होती. आज ते रोजचं काम आहे. दहा दिवस आधी कुणी फोनवर रंगीत नकाशा पाठवला, त्यात एडिसनवर तीस इंच दिसतायत, तर तो पुढे पाठवू नका. एका मॉडेलची एका वेळची फेरी असते ती, सहा तासांनी पुढची फेरी ती पुसून टाकते. आमच्या मराठी ग्रुपवर दर जानेवारीला हा नकाशा येतो आणि दर वेळी कोथिंबीर संपते.

फोनमधल्या अॅपचा आकडाही सोडून द्या. एडिसन मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे माउंट हॉली कार्यालयाच्या हद्दीत येतं. त्यांच्या संकेतस्थळावर बर्फाचे तीन नकाशे असतात: अपेक्षित, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. मी अपेक्षितवाला बघतच नाही. समजा कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त चौदा लिहिलंय, तर त्याचा अर्थ ‘सात पडेल’ असा नसून ‘आपण कडेवर आहोत, आम्हालाही ठाऊक नाही’ असा आहे. तेच सहा आणि दहा असेल तर गाड्या रद्द. २०१५च्या गोंधळानंतर खात्याच्या संचालकांनीच कबूल केलं होतं की अनिश्चितता लोकांपर्यंत नीट पोचवायला हवी होती. तिथेच ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचा मजकूर असतो. ड्युटीवरचा माणूस दुसऱ्या जाणकारासाठी लिहितो तसा, जरा किचकट, पण त्यात तो मन मोकळं करतो: कुठल्या मॉडेलवर त्याचा विश्वास नाही, काय झालं तर आकडा कोसळेल. मला त्याचा फायदा तीन नकाशांपेक्षा जास्त झालाय.

संध्याकाळचे फुगे सातच्या सुमाराला वर असतात, त्यावरचं अमेरिकन मॉडेल रात्री साडेदहापासून यायला लागतं. मी जेवून, भांडी आवरून तेव्हाच बसतो. त्याआधी ठरवलेलं बहुतेक वेळा बदलावं लागतं. तुम्हाला एवढं जागायची गरज नाही. शाळेचा निरोप पहाटे पाचला येतो, तोच तुमचा अंदाज समजा. आणि बर्फ उपसायचं फावडं ऑक्टोबरात घेऊन ठेवा. इशारा आल्यावर दुकानात उरतात ती लहान मुलांची प्लास्टिकची, लाल रंगाची. माझ्याकडे अजून एक आहे.