शंका आली, आता घरी सांगू का?

‘माझा चर्चवरचा विश्वास डळमळलाय. नवऱ्याला सांगितलं तर संसार मोडेल, नाही सांगितलं तर रोज खोटं वागल्यासारखं होतं. काय करू?’

अमेरिकेतल्या युटा राज्यात समुपदेशन करताना हा प्रश्न वरचेवर ऐकायला मिळतो. प्रोव्हो शहराच्या बाजूला तर जास्तच, कारण तिथे गल्लीच्या गल्ली मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाची, असते. ही मंडळी माझ्याकडे येतात त्याचं कारण साधं आहे. मी मराठी, त्यांच्यातली नाही आणि रविवारी चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसणार नाही. (‘मॉर्मन’ हे नाव वापरू नका, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे चर्चचं पूर्ण नाव घ्या, असं चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं. माझ्यासमोर बसलेली माणसं मात्र बोलण्याच्या ओघात तेच नाव घेतात, म्हणून मीही घेते.)

रूथ पंचेचाळिशीतली. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. ती आली ती छातीत धडधडतं म्हणून. ईसीजी व्यवस्थित होता. धडधड शनिवारी रात्री सुरू व्हायची आणि रविवारी दुपारी थांबायची. रूथ तिच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, प्रायमरीची, म्हणजे लहान मुलांच्या वर्गांची, प्रमुख होती. नवरा बिशपचा, म्हणजे वॉर्डच्या प्रमुखाचा, सल्लागार. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हाच धर्म. १८४७ मध्ये चर्चचे तेव्हाचे नेते ब्रिगम यंग यांच्या मागोमाग बैलगाड्या घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरलेल्या लोकांपर्यंत तिची वंशावळ जाते.

तिचा विश्वास हलला तो चर्चच्या विरोधकांचं काही वाचून नाही. चर्चनेच २०१३ ते २०१५ दरम्यान आपल्या संकेतस्थळावर इतिहासातल्या अवघड विषयांवर लेख प्रसिद्ध केले. संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या बहुपत्नीत्वावरचा लेख त्यातलाच. त्यांच्या पत्नींची संख्या अंदाजे तीस ते चाळीस होती आणि त्यांतली एक पंधरा वर्षांचीही झालेली नव्हती, हे त्यात लिहिलं आहे. मुलांच्या वर्गाची तयारी करताना रूथने तो लेख उघडला आणि रात्रभर वाचत राहिली. ‘इतकी वर्षं हे मला कुणी का सांगितलं नाही?’ हा तिचा पहिला प्रश्न होता. देव आहे की नाही, इथपर्यंत ती पोहोचलीच नव्हती.

इथे वॉर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. वॉर्ड पत्त्यावरून ठरतो, तो निवडता येत नाही. बिशप पगारी नसतो. तो तुमचा शेजारीच असतो, दिवसा दातांचा दवाखाना किंवा विम्याचं ऑफिस चालवणारा. प्रत्येकाला काही ना काही काम नेमून दिलेलं असतं, त्याला कॉलिंग म्हणतात. बाळंतीण घरी आली की आठवडाभर जेवण दारात येतं, मयताच्या घरी बटाट्या-चीजचा तो प्रसिद्ध भाजलेला पदार्थ येतो, घर बदलताना ट्रक भरायला दहा माणसं हजर असतात. आपल्याकडच्या भावकीसारखंच हे आहे: निवडलेली नाही, पण अडीनडीला तीच धावते आणि कोण काय करतं यावर नजरही तिचीच असते. म्हणून इथे शंका घेणाऱ्याला बायबलपेक्षा शेजाऱ्यांची भीती जास्त वाटते. गाडीत कॉफीचा कप दिसला तर जेवढी कुजबुज होते, तेवढी त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्तावर मतभेद झाला तर होत नाही. (चहाही वर्ज्य आहे. माझा कप मी सत्राआधीच संपवते, उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको.)

रूथला सगळ्यात जड जायचा तो महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी उपास असतो आणि सभेत ज्याला वाटेल तो उठून आपली साक्ष देतो. ‘हे चर्च खरं आहे हे मला ठाऊक आहे,’ असं एकामागून एक माणसं म्हणतात. चार-पाच वर्षांची पोरंही आईने कानात सांगितलेलं माइकवर म्हणतात. रूथने कित्येक मुलांना ते वाक्य शिकवलं होतं. आता तेच ऐकताना तिच्या तळहातांना घाम सुटायचा.

पहिल्या काही भेटींत मी तिला एकच गोष्ट मागितली: घोषणा नको. शंका आली म्हणजे लगेच निर्णय घ्यायचा असं नाही, पण विश्वास हादरलेल्या माणसाला रात्री एक वाजता सगळं सांगून मोकळं व्हायची अनावर ओढ लागते. नवऱ्याला उठवून, लॅपटॉप पुढे करून, तळटीपांसकट सगळा इतिहास त्याच्यावर ओतायचा. हे मी अनेक घरांत घडलेलं ऐकलं आहे आणि त्याचा शेवट बहुतेक वेळा एकाच वळणावर होतो. ऐकणारा जोसेफ स्मिथचा वकील होतो आणि बायको समोर रडते आहे हे त्याला दिसतच नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, इतिहास बाजूला ठेवायचा. रूथने नवऱ्याला सांगितलं ते एवढंच: ‘मला रविवारी भीती वाटते. काही गोष्टींवर माझा विश्वास पूर्वीसारखा राहिलेला नाही. मी तुला सोडून कुठे जात नाहीये, पण तुझ्यापासून लपवून मला जगवत नाहीये.’

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, ‘म्हणजे नंतर तू आमच्यात नसशील?’

हा प्रश्न बाहेरच्याला कळणं अवघड आहे, आणि कळला नाही तर आपण या घराला काही मदत करू शकत नाही. मॉर्मन जोडपं मंदिरात ‘सील’ होतं, तेव्हा ते नातं मृत्यूपर्यंत नाही, अनंतकाळासाठी बांधलं जातं, मुलांसकट. रूथच्या नवऱ्याला आपली बायको मृत्यूनंतरच्या घरातून हरवलेली दिसत होती. त्यामुळे त्याचा राग हा खरं तर शोक होता. माझ्या काही सहव्यवसायिकांना ही श्रद्धा ऐकून हसू येतं. त्यांच्याकडून माझ्याकडे आलेले लोक मला ते सांगतात.

मधल्या काळात नातेवाइकांनी आपापल्या परीने मदत केली. उख्टडॉर्फ नावाच्या ज्येष्ठ नेत्याने २०१३ च्या ऑक्टोबर परिषदेत सांगितलं होतं, श्रद्धेवर शंका घेण्याआधी आपल्या शंकांवरच शंका घ्या. ती ओळ रूथला नणंदेने पाठवली, जावेने पाठवली, एका शेजारणीने तर फ्रेम करून दिली. त्याच भाषणात त्यांनी चर्चच्या नेत्यांकडूनही चुका झाल्या आहेत असं कबूल केलं होतं. ते मात्र कुणी पाठवलं नाही.

खरी कसोटी पुढे होती. मुलीचं लग्न ठरलं, तेही मंदिरात. हे मंदिर म्हणजे रविवारचं चर्च नव्हे. तिथे आत जायला ‘टेंपल रेकमेंड’ लागतं आणि ते मिळवायला बिशप आणि त्यांच्या वरचा स्टेकचा (अनेक वॉर्डांच्या गटाचा) अधिकारी अशा दोन मुलाखती द्याव्या लागतात. दर दोन वर्षांनी ते नवं करायचं. रूथचं संपत आलं होतं. ते नसेल तर आई लग्नाच्या वेळी बाहेर बागेत बसून राहणार, आणि का बसली हे सगळ्या वऱ्हाडाला कळणार.

मुलाखतीतले प्रश्न चर्चने २०१९ मध्ये जाहीर केले आहेत. आम्ही ते एकेक करून वाचले. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, ती देत होती. दारू-कॉफी नाही. अडली ती ‘तुम्ही सगळ्या व्यवहारांत प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करता का?’ या प्रश्नावर. थाप मारून आत जाणाऱ्याला हा प्रश्न अडवत नाही, रूथसारखीला अडवतो.

दुसरा एक मार्गही होता. त्याच वर्षी मे महिन्यात नियम बदलला. पूर्वी अमेरिकेत आधी बाहेर कायदेशीर लग्न केलं, तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागायचं. आता ती अट नाही. म्हणजे सकाळी बागेत सगळ्यांदेखत लग्न आणि दुपारी मंदिरात सीलिंग, हे जमू शकतं. मुलीला हे सुचवायचं तर कारण सांगावं लागणार होतं. रूथने ते सांगितलं. मुलगी दोन दिवस रागावली आणि मग म्हणाली, बागेतलं लग्न मला तसंही हवंच होतं, रूममेटही येऊ शकतील.

यानंतर रूथ बिशपकडे गेली, कारण आता तिचं काही अडलेलं नव्हतं. रेकमेंडसाठी तिने खोटं बोलायचं नाही आणि वादही घालायचा नाही, एवढंच ठरलं होतं. जाताना तिने स्वतः शोधलेलं एक वचन सोबत नेलं. ते त्यांच्याच ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या धर्मग्रंथाच्या ४६व्या भागातलं: काहींना जाणण्याचं दान मिळतं, काहींना त्यांच्या शब्दांवर विश्वास ठेवण्याचं. ती म्हणाली, ‘मी सध्या दुसऱ्या रांगेत आहे, तीही कडेला. आशा आहे, खात्री नाही.’ बिशपने सही केली, स्टेककडूनही झाली. दुसरा बिशप कदाचित थांबा म्हणाला असता. इथले लोक हे जाणून असतात, आणि म्हणूनच मी कुणालाही ‘बिशपला सांगा, सगळं ठीक होईल’ असं म्हणत नाही.

प्रायमरीचं काम तिने सोडलं. न पटणारं मुलांना शिकवणं हीच तिची मोठी टोचणी होती. ‘मला काम नको’ असं ती म्हणाली नाही, पियानोचं मागितलं. पियानो वाजवणारीला साक्ष कुणी मागत नाही आणि भजनं तिला अजूनही आवडतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती घरी राहते. नवरा एकटा जातो आणि कुणी विचारलं तर ‘ती आज घरी आहे’ एवढंच म्हणतो. हे वाक्य जमायला त्याला आमची दोन-तीन सत्रं लागली, कारण त्याच्या तोंडून आधी ‘तिचं डोकं दुखतंय’ यायचं. शनिवारची धडधड कमी झाली आहे, गेलेली नाही. पुढे ती चर्चमध्ये राहील की नाही, हे तिलाही सांगता येत नाही आणि मी विचारत नाही.

हा सगळा मार्ग रूथला चालला, कारण तिचं पोट चर्चवर अवलंबून नव्हतं. चर्चच्या बऱ्याचशा नोकऱ्यांत रेकमेंड लागतं. चर्चच्याच ब्रिगम यंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला दरवर्षी धर्मगुरूची शिफारस लागते, ती गेली तर शिक्षणही अडतं. विशीतलं एखादं पोर ‘उद्याच बिशपला खरं सांगून टाकतो’ म्हणत माझ्याकडे आलं, की मी आधी विचारते: पदवीला किती सत्रं उरलीत, दुसऱ्या विद्यापीठात किती क्रेडिट धरतील, घरच्यांनी फी थांबवली तर राहणार कुठे. बिशपची वेळ त्यानंतर ठरवायची.