सराव कमी असलेल्या व्यक्तीसाठी सायकलचा रोजचा रस्ता कसा ठरवावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपण स्वतः बरीच वर्षे पुण्यात मयूर कॉलनीतून मॉडेल कॉलनीकडे कर्वे रस्ता, डेक्कन आणि फर्ग्युसन रस्ता या मार्गाने सायकलवर जाता. आता आपल्या थोरल्या बहिणीलाही त्याच भागातील कार्यालयात सायकलनेच जायचे आहे. कॉलेज संपल्यावर त्यांची सायकल सुटली ती सुटलीच, आणि आता रहदारीत त्यांना धास्ती वाटते. त्यांना आपलाच रस्ता दाखवावा की दुसरा शोधावा, आणि शोधायचा झाल्यास कोणत्या निकषांवर, असे आपण विचारले आहे. मी याच भागात सायकल चालवतो आणि नव्याने सायकल हाती घेणाऱ्या काही परिचितांबरोबर त्यांचे रस्ते ठरवले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

आपला रस्ता त्यांना दाखवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सरावलेला सायकलस्वार कर्वे रस्त्यावरून जाताना किती गोष्टी नकळत करत असतो, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. मागून येणाऱ्या पीएमपी बसचा आवाज ओळखून तो आधीच जागा धरतो, थांब्याजवळ बस डावीकडे घेणार हे तिच्या चालीवरून ताडतो, हँडल न हलवता मागे वळून पाहतो आणि सिग्नल सुटताच दोन पॅडलांत वेग पकडतो. यांपैकी एकही गोष्ट ताईंना आज येत नसेल, तर त्यांच्यासाठी तो रस्ता आपण चालवता तो रस्ताच नव्हे. म्हणून नकाशा उघडण्यापूर्वी त्यांना नेमके कशाचे भय वाटते ते विचारा. मागून जवळून जाणाऱ्या वाहनांची धास्ती, उजवीकडे वळण्याची धास्ती आणि चढावर थांबून पुन्हा सायकल सुरू करता न येण्याची धास्ती या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीसाठी रस्ता निराळा निघतो.

निकषांबाबत पहिली गोष्ट अशी की गर्दीपेक्षा वेग पाहावा. नव्या माणसाला गर्दी दिसते आणि तिचेच भय वाटते. परंतु ताशी १५ किलोमीटरने सरकणाऱ्या गर्दीत धक्का लागला तर बहुधा खरचटण्यावर निभावते, आणि मोकळ्या रस्त्यावर सुसाट येणाऱ्या मोटारीचा धक्का मात्र जिवावर बेतू शकतो. वेग वाढला की आघात त्याच प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३०ऐवजी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या त्याच वाहनाची गतिज ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट असते, आणि चालकाला थांबायला लागणारे अंतर दुपटीच्या आसपास जाते. त्यामुळे दोन सिग्नलांमध्ये वाहने जिथे वेग घेऊ शकतात असे रुंद, सरळ आणि दुभाजक असलेले रस्ते टाळावेत, आणि वाहनांना सतत वेग आवरून चालावे लागते असे वळणांचे, झाडांचे, गतिरोधकांचे आतले रस्ते पसंत करावेत. फर्ग्युसन आणि जंगली महाराज हे दोन्ही रस्ते एकेरी आहेत. समोरून कोणी येणार नाही याची खात्री असल्याने सकाळी लवकर किंवा रात्री तिथे वाहने बेधडक धावतात. भर दुपारच्या कोंडीत तेच रस्ते ताईंना एक वेळ सोपे जातील.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रस्त्याची सुरक्षितता त्याच्या सरासरीवरून ठरत नाही, त्यातील सर्वांत अवघड चौकावरून ठरते. पाच किलोमीटरपैकी साडेचार शांत असले आणि उरलेल्या अर्ध्यात एक चौक असा असला की रोज तिथे पोटात गोळा येतो, तर तो रस्ता त्या व्यक्तीसाठी वाईटच. पंधरा दिवसांत सायकल पुन्हा पार्किंगमध्ये धूळ खाऊ लागते. म्हणून आधी चौक निवडावेत आणि मग त्यांना जोडणारे रस्ते.

आपल्या मार्गावरील नळ स्टॉपचेच उदाहरण घ्या. तिथे वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल आणि खाली रस्ता आहे. उड्डाणपुलावर ताईंनी जाऊच नये, कारण चढावर सायकलचा वेग सर्वांत कमी आणि वाहनांचा वेग सर्वांत जास्त असतो आणि बाजूला सरकायला जागा नसते. पण खालचा रस्ताही नीट पाहून घ्यावा. पूल जिथे जमिनीला टेकतो तिथे उतरणारी वाहने वेगात उजवीकडून येतात, खालून आलेली वाहने त्यांच्यात मिसळू पाहतात, आणि डाव्या गल्लीत किंवा बसथांब्याकडे जाणारा कोणीतरी पुलावरून उतरताच तिरपा डावीकडे घेतो. सायकलस्वार नेमका या तिघांच्या मध्ये सापडतो. चौकापेक्षा ही पुढची शंभरएक पावले अधिक जपून जाण्याची आहेत, हे नवख्या माणसाला कोणी सांगत नाही.

उजवे वळण हा दुसरा प्रश्न. ताईंच्या मार्गात मोठ्या रस्त्यावरून सिग्नलशिवाय उजवीकडे वळण्याची वेळ एकदाही येऊ नये, असा नियमच करावा. वळायचेच असेल तर सिग्नलला सरळ पलीकडे जावे, डाव्या कोपऱ्यात थांबावे, सायकलचे तोंड फिरवावे आणि दुसऱ्या बाजूचा सिग्नल सुटल्यावर पुन्हा सरळ जावे. किंवा खाली उतरून पादचाऱ्यांबरोबर सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. सायकल हातात धरून चौक पार करणे यात कमीपणा मुळीच नाही. उलट ज्या मार्गात तसे करण्याची सोय आहे, म्हणजे पट्टे आहेत, पदपथाला उतार आहे आणि मध्ये थांबायला जागा आहे, तो मार्ग मी नेहमी वरचा मानतो. दोन मिनिटे जातात, तेवढेच.

आता प्रत्यक्ष मार्गाविषयी. या भागातली जमीन वेताळ टेकडीकडून मुठा नदीकडे उतरत येते, हे लक्षात ठेवले की चढ कुठे लागणार याचा अंदाज नकाशावरूनच येतो. प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता हे डेक्कनकडून लॉ कॉलेज रस्त्याकडे हळूहळू चढतात. त्यांना आडवे छेदणाऱ्या गल्ल्या बऱ्याच सपाट आहेत, आणि आपल्याला त्याच हव्या आहेत. मयूर कॉलनीतून पौड फाट्यापर्यंत शक्य तितके आतल्या रस्त्यांनी यावे. कर्वे रस्त्यावरचा नळ स्टॉपपर्यंतचा तुकडा टळत नसेल, तर तो डाव्या बाजूने, घाई न करता पार करावा आणि पहिली संधी मिळताच डावीकडे एरंडवण्याच्या गल्ल्यांमध्ये शिरावे. तिथून प्रभात रस्ता सरळ ओलांडून कमला नेहरू उद्यानाच्या बाजूने भांडारकर रस्ता, पुढे बीएमसीसी रस्ता आणि तिथून मॉडेल कॉलनी असा प्रवास होतो. डेक्कनचा गजबजलेला कोपरा आणि फर्ग्युसन रस्ता दोन्ही सुटतात. नेमकी कोणती गल्ली घ्यावी हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण खोदकाम आणि एकेरी वाहतुकीचे बदल या शहरात सतत चालू असतात. ते आपणच पायी किंवा सायकलवर फिरून पाहा. अंतर थोडे वाढले तरी हरकत नाही. ताशी १२ किलोमीटरच्या संथ गतीने एक किलोमीटर जादा म्हणजे पाच मिनिटे.

मात्र गल्ल्या म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही नाही. पुण्यात पी-१, पी-२चे फलक असलेल्या रस्त्यांवर सम आणि विषम तारखांनुसार पार्किंगची बाजू बदलते. त्यामुळे काल मोकळी असलेली डावी कड आज उभ्या मोटारींनी भरलेली असते आणि सायकल आपसूक रस्त्याच्या मध्याकडे ढकलली जाते. अशा वेळी मोटारींना खेटून जाण्याचा मोह होतो, कारण मागून येणाऱ्याला वाट द्यावीशी वाटते. तो मोह टाळायला ताईंना आवर्जून शिकवा. उभ्या मोटारीपासून किमान एक मीटर अंतर ठेवले तर अचानक उघडलेला दरवाजा हँडलपर्यंत सहसा पोहोचत नाही. मागच्याने अर्धा मिनिट थांबावे. रस्त्यावर ताईंचाही तितकाच हक्क आहे. मोटारीच्या मागच्या काचेतून आत डोके दिसते का, ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझला आहे का, रिक्षातून कोणाचा पाय बाहेर येतो आहे का, एवढे पाहण्याची सवय लागली की निम्मी चिंता मिटते. आणि रस्ता वाचवण्यासाठी एकेरी गल्लीत उलट दिशेने शिरणे हे कितीही लोक करत असले तरी त्यांनी करू नये. गल्लीच्या तोंडाशी वळणारा चालक त्या बाजूला पाहतच नाही.

कडेचा भागही न्याहाळून घ्यावा. डांबराचा थर जिथे संपतो आणि सिमेंटची किंवा पेव्हर ब्लॉकची पट्टी सुरू होते, तिथे बोटभर उंचीची लांबट खाच राहते. चाक तिच्यात समांतर उतरले तर हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. पावसाळी गटारांच्या ज्या जाळ्यांच्या पट्ट्या चाकाच्याच दिशेने बसवल्या आहेत, त्यांचाही धोका असाच. नवखा सायकलस्वार भीतीपोटी अगदी कडेला चिकटतो आणि नेमका या खाचांवर जातो. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत आणि न डगमगता चालवणे अधिक सुरक्षित असते, कारण मागच्या चालकाला आपण दिसतो आणि आपण पुढे काय करणार हेही त्याला कळते.

नकाशावर सायकल ट्रॅक दिसला म्हणून तो रस्ता निवडू नका. महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच्या आधीही काही रस्त्यांवर ट्रॅक झाले होते. पण त्यांतील अनेक सलग नाहीत, आणि नेमक्या चौकाच्या अलीकडे, जिथे त्यांची खरी गरज आहे, तिथे ते संपतात. ट्रॅकवरून एकदम रहदारीत उतरावे लागणे हे सुरुवातीपासून रहदारीत असण्यापेक्षा अवघड असते. सायकलचे शहर म्हणून ज्याची ओळख होती त्या पुण्यात एका प्रौढ बाईला पाच किलोमीटरसाठी एवढी वाट शोधावी लागते याचे मला मनापासून वाईट वाटते.

मार्ग ठरला की पहिली फेरी रविवारी सकाळी करावी. या फेरीत आपण पुढे आणि ताई मागे, म्हणजे वळणे लक्षात राहतील. दुसरी फेरी मात्र कामाच्या दिवशी आणि कामाच्याच वेळेला व्हायला हवी, कारण रविवारचा प्रभात रस्ता आणि सोमवारी शाळेच्या गाड्या उभ्या असतानाचा प्रभात रस्ता यांत फार फरक आहे. या वेळी ताई पुढे आणि आपण मागे, किंचित उजवीकडे, असे चला. मागून येणारी वाहने आपल्याला वळसा घालून जातील आणि वेग त्या ठरवतील. वाटेत सूचनांचा मारा करू नका. त्या कुठे ब्रेक धरतात, कुठे पाय टेकतात, कुठे खांदे आखडतात ते नुसते पाहा आणि घरी आल्यावर त्या जागांबद्दल विचारा. एखाद्या जागी त्या दर वेळी थबकल्या, तर ती जागा मार्गातून काढून टाका, मग आपल्याला ती कितीही सोपी वाटो.

परतीचा रस्ता वेगळा असू शकतो आणि बहुधा असतोच. जाताना डावीकडे असलेली सोयीची गल्ली येताना उजवीकडे येते, म्हणजे तेच नको असलेले उजवे वळण. शिवाय संध्याकाळी रहदारी दाट, चालक थकलेले आणि झाडांखालच्या गल्ल्यांमध्ये दिव्यांचा उजेड पानांत अडकलेला. म्हणून परतीच्या मार्गाची पाहणी अंधार पडल्यावर स्वतंत्रपणे करावी. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा, दोन्ही चालू स्थितीत, ही पूर्वअट समजावी. पावसाळ्यात रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे आणि ओला पाचोळा यांवर ब्रेक दाबू नये आणि वळूही नये, आणि साचलेल्या पाण्यातून कधी जाऊ नये, कारण खाली खड्डा आहे की उघडे चेंबर हे कळत नाही. फार पाऊस असेल त्या दिवशी सायकल घरी ठेवून मेट्रोने किंवा बसने जावे, हे आधीच ठरवून ठेवा. मग आज जावे की नाही, असा रोजचा झगडा राहत नाही.

कार्यालयाची वेळ तासभर अलीकडे करून घेता आली तर ती खटपट जरूर करा. साडेनऊच्या सुमाराचा नळ स्टॉप आणि साडेआठच्या आतला नळ स्टॉप यांत जो फरक पडतो, तो कोणत्याही गल्लीने पडत नाही. आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताईंनी स्वतःहून मार्ग बदलायला काढला, एखादी गल्ली गाळली किंवा जोडली, तर त्यांना तसे करू द्या. फक्त बदललेल्या चौकातून एकदा कामाच्या वेळेला त्यांच्या मागे राहून जाऊन या.