सरस्वतीबाईंची चादर

प्रिय पोरी,

परवा फोनवर तुझा गळा दाटून आला होता. लघुपटात भूमिका मिळेल म्हणून गेलीस आणि त्यांनी हातात रिफ्लेक्टर दिला, नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा तो फलक. "सर, मी अभिनय करायला आले होते," हे तू तीनदा म्हणालीस. मी गप्प राहिलो, कारण हे सगळं फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं.

तुला अण्णा साळुंके माहीत असायला हवेत. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळके तारामती शोधत होते, पण पडद्यावर यायला एकही बाई तयार होईना. ज्यांना लोक आधीच नावं ठेवत, त्यांनीसुद्धा नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात साळुंके सापडले. नाजूक हातांचा, सडपातळ स्वयंपाकी. महिना दहा रुपये पगार होता म्हणतात, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि पोळ्या लाटणारे हात तारामतीचे झाले.

या चित्रपटाच्या उरलेल्या रिळांत तारामती सख्यांसह पाण्यात उतरली आहे, लुगडी अंगाला चिकटली आहेत, आणि त्यात एकही बाई नाही. नीट बघ, कुणीही लाजून अंग चोरत नाही.

त्याच वर्षी फाळके आपलं बिऱ्हाड आणि कंपनी घेऊन नाशकात आले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. साळुंके मात्र मागे पडले नाहीत. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच! आणि पुढे काय केलं त्यांनी? कॅमेरा हाती घेतला. त्या काळी हँडल हाताने एका लयीत फिरवायचं. हात मंदावला की पडद्यावरची माणसं धावत सुटायची. मला वाटतं, अभिनयात अंगात मुरलेली लय तिथे त्यांच्या कामी आली असेल.

आता तुझ्या रिफ्लेक्टरकडे येतो. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत, आणि उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उभ्या राहत, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. तुझ्या हातात परवा तीच चादर होती, पोरी.

बावीसाव्या वर्षी मलाही मुंबईच्या एका युनिटमध्ये कॅमेऱ्याच्या मदतनीसाचं काम चालून आलं होतं. मी नट आहे म्हणून नाकारलं. पुढे कित्येक वर्षं "जरा उजवीकडे सरका, अंधारात आहात" हे ऐकत राहिलो. उजेड कुठून येतो हे मला अंगाने कधी कळलंच नाही. त्याची रुखरुख आजही आहे.

तू शिकून घे. नायिकेच्या डोळ्याकडे बघत राहा. बुबुळात एक पांढरा ठिपका दिसेल, तो तुझ्या हातातून गेलेला उजेड. तिने मान जराशी वळवली की तो जातो. मग तो परत आणायला तुला किती सरकावं लागलं, हे लक्षात ठेव. उद्या कॅमेऱ्यासमोर तू असशील तेव्हा तुझी मान आपोआप तिथे थांबेल.

शनिवारी गोदाघाटावर शूटिंग आहे म्हणालीस. सकाळचं ऊन पाण्यावरून उडून चेहऱ्यावर खालून येतं, म्हणून रिफ्लेक्टर खाली धरू नकोस, बाजूने आण. टोपी आणि पाण्याची बाटली ने. संध्याकाळी फोन कर आणि मला एवढंच सांग, तो ठिपका दिसला का.

तुझा,
सर