भाल्याच्या शब्दाचा माग

प्रिय अभ्यासक मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जर्मानिक भाषांतल्या (इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या कुळातल्या) भाल्याच्या जुन्या शब्दावर लिहितो आहेस, तर आधी ध्वनी तपास, अर्थाकडे नंतर वळ. उलट करणारे हमखास घसरतात.

मूळ '*गाइझाझ' हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, ते पुनर्रचित आहे, म्हणजे नंतरच्या रूपांवरून मागे जाऊन बांधलेलं. तारांकन विसरू नकोस. पश्चिम आणि उत्तर शाखांत 'झ'चा 'र' झाला, आणि 'आइ' प्रत्येकीत वेगळा वळला. जुन्या इंग्रजीत 'गार', जुन्या उच्च जर्मनमध्ये 'गेर', स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्समध्ये 'गेइर'. पूर्व शाखेतल्या गॉथिककडे (गॉथ लोकांच्या भाषेकडे) हा 'र' नाही. इ.स. 406 मध्ये मारला गेलेला गॉथ सरदार राडागाइसस याच्या नावात जुना सांगाडा जवळपास शाबूत दिसतो.

स्वरावरून शब्दाची वाट कळते. 'एडगर' इंग्लंडातला, म्हणून 'गार'. 'जेराल्ड' आणि 'रॉजर' युरोपच्या मुख्य भूमीवरच्या 'गेर'चे, आणि त्यांतला 'ज' फ्रेंच तोंडातून आलेला.

खरी गंमत लसणीत आहे. 'गार्लिक' म्हणजे 'गार' अधिक 'लेआक', भाल्यासारखा कांदा. पण सुट्या 'गार'मधला 'आ' पुढे 'ओ' झाला, मग इथे तो का टिकला? समासात, जोडव्यंजनापुढे, तो आधीच ऱ्हस्व झाला होता. त्याच घराण्यातला 'गार' (मूळ 'गारा', जमिनीचा त्रिकोणी तुकडा) मात्र बदलून 'गोर' झाला: शिंप्याची त्रिकोणी कळी, घागऱ्याला लावतात ती. शिंग खुपसणं या अर्थाचं 'गोर' हे क्रियापदही याच घरचं. साकळलेल्या रक्ताचा 'गोर' मात्र परका. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ शेण, घाण.

'जर्मन' म्हणजे 'भालेवाले' ही व्युत्पत्ती तुला वारंवार भेटेल. घेऊ नकोस. इ.स.पूर्व पहिल्या शतकात सीझर 'गेर्मानी' लिहितो, तेव्हा 'आइ' आणि 'झ' दोन्ही जिवंत होते. 'गेर' व्हायला अजून कित्येक शतकं होती. रोमन कानांनी 'गाइस-' असंच काही टिपलं असतं. गॉलमधून (आजच्या फ्रान्सच्या भागातून) लॅटिनमध्ये गेलेला 'गाएसुम' हा भालाही तसाच आहे.

'ऑस्कर' या नावातही 'गार' शोधतात, त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेव. आयरिशमध्ये त्याची उकल हरणाशी जोडतात. संस्कृत 'हेति' (फेकायचं शस्त्र) याच शब्दाची बहीण म्हणतात, तिच्याबाबतही जपून. पहिला वर्ण नियमात बसतो ('हंस' आणि जर्मन 'गान्स' आठव), पण 'हेति' ही 'हि' धातूला 'ति' लागून झाली आणि तिच्यात 'स' नाही. नातं फार तर धातूपर्यंत. तीही शक्यता म्हणूनच लिही.